आणणाऱ्याने आधी उत्तर द्यावे

कोलंबियातल्या माग्दालेना नदीच्या खोऱ्यात आज पाणघोडे राहतात. हा आफ्रिकेतला प्राणी अटलांटिक ओलांडून तिथे आपणहून पोचलेला नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाब्लो एस्कोबार या अमली पदार्थांच्या तस्कराने आपल्या खासगी प्राणिसंग्रहासाठी चार पाणघोडे आणवले, एक नर आणि तीन माद्या. १९९३ मध्ये तो मारला गेला. मालमत्ता सरकारच्या ताब्यात गेली आणि त्याचे बरेचसे प्राणी इतरत्र हलवले गेले. पाणघोडे हलवणे अवघड आणि खर्चाचे, म्हणून ते तिथेच राहिले. २०२३ मध्ये कोलंबियातल्या संशोधकांनी त्यांची संख्या १८१ ते २१५ च्या दरम्यान असल्याचा अंदाज मांडला. त्याआधी, २०२२ मध्ये, सरकारने त्यांना आक्रमक परकी प्रजाती ठरवले होते. पुढे काहींचे निर्बीजीकरण, काहींचे परदेशी स्थलांतर आणि काहींना मारणे अशी योजना आली. त्यावर जगभर वाद पेटला. एक बाजू म्हणते, मुक्या जिवांचा यात काय दोष? दुसरी म्हणते, परके आहेत, संपवा. तिसरी बाजू या दोघांपेक्षा आपण शहाणे आहोत अशा सुरात सांगते की प्रजाती नेहमीच स्थलांतर करत आल्या, निसर्ग जुळवून घेतो, तुम्ही मध्ये पडू नका.

मला तिन्ही बाजूंचा त्रास होतो, कारण तिघांचेही बोट प्राण्याकडे आहे. प्राणी निर्दोष की अपराधी, पाहुणा की घुसखोर, यावर रात्रंदिवस वाद घालणारी मंडळी एका साध्या प्रश्नाला हात लावत नाहीत: हा जीव इथे आणायचा निर्णय कोणी घेतला, कोणाच्या फायद्यासाठी घेतला, आणि तो फसला तेव्हा भोगले कोणी? माझे म्हणणे असे की परकी प्रजाती उपद्रवी होते तेव्हा तिच्या जन्मस्थानावर खटला चालवण्यात अर्थ नाही. जबाबदारी आणणाऱ्याची, आणि आणलेले मोकळे सोडून देणाऱ्याचीही. ‘अपाय होणार नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझे आणण्याच्या आधी त्याच्यावर असले पाहिजे. आणि एकदा जीव निसटलाच, तर तो थोडका असताना, मन घट्ट करून, लवकर हालचाल केली पाहिजे. आज आपण नेमके उलटे करतो. येताना कोणी विचारत नाही आणि पसरल्यावर वर्षानुवर्षे भांडत बसतो.

विरोधकांच्या बाजूने जे सर्वांत सबळ आहे ते आधी मान्य करतो. परके म्हणजे वाईट, हे समीकरण खोटे आहे. बटाटा, मिरची, मका ही पिके अर्ध्या जगासाठी परकीच होती आणि त्यांनी कोट्यवधी माणसे जगवली. आंतरशासकीय जैवविविधता मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसाच्या हालचालींमुळे ३७,००० हून अधिक प्रजाती नव्या प्रदेशांत रुजल्या आहेत आणि त्यांपैकी घातक म्हणाव्यात अशा ३,५०० हून थोड्या अधिक. म्हणजे दहातल्या नऊ निरुपद्रवी. २०११ मध्ये मार्क डेव्हिस या परिसंस्थाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात लिहिले की प्रजातीचा निवाडा तिच्या मूळ ठिकाणावरून करू नका, ती काय करते त्यावरून करा. हे मला पटते. परकेपणाच्या भाषेला एक काळी बाजूही आहे. १९४२ मध्ये, नाझी राजवटीत, काही जर्मन वनस्पतीतज्ज्ञांनी आशियातून आलेल्या एका लहानशा पिवळ्या तेरड्याविरुद्ध संहाराचे युद्ध पुकारण्याची भाषा केली होती. झाडांविषयी जे शब्द वापरायला माणूस शिकतो, ते माणसांविषयी वापरायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून ‘घुसखोर’, ‘आक्रमण’, ‘शुद्ध देशी निसर्ग’ असले शब्द मी शक्यतो टाळतो, आणि इतरांनीही टाळावेत असे मला मनापासून वाटते.

पण एवढे मान्य केल्यावर जन्मस्थान अगदीच गैरलागू ठरते का? नाही. मुंगसाचे उदाहरण घ्या. आपल्या मूळ प्रदेशात तो साप, उंदीर, कीटक खाऊन राहणारा एक सामान्य भक्षक आहे. त्याचे भक्ष्य त्याला हजारो पिढ्या ओळखते, लपते, निसटते, अंडी कुठे घालू नयेत हे जाणते. १८७२ मध्ये जमेकातल्या एका ऊसमळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगूस मागवले, उसातले उंदीर मारायला. तिथून त्यांची संतती कॅरिबियन बेटांवर आणि १८८३ मध्ये हवाईत नेण्यात आली. त्या बेटांवरच्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनी, सरड्यांनी असला शिकारी कधी पाहिलाच नव्हता. मुंगूस बदलला नव्हता. बदलली होती ती त्याच्या भोवतीची ओळख. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून एक तपकिरी झाडसाप पोचला. मूळ प्रदेशात त्याची कोणी दखलही घेत नाही. ग्वामच्या जंगलातल्या १२ देशी पक्षिजातींपैकी १० त्या बेटाच्या रानातून नाहीशा झाल्या, कारण रात्री झाडावर चढून घरट्यात डोके घालणारा शत्रू असतो हे त्या पक्ष्यांच्या उपजत शहाणपणात नव्हतेच. परके असणे म्हणजे सहवासाचा इतिहास नसणे. एवढ्या माहितीवरून कोणाला दोषी ठरवता येत नाही, पण सावध मात्र व्हावेच लागते.

आणि ‘दहातल्या नऊ निरुपद्रवी’ या आकड्यात जो दिलासा शोधला जातो, तो मला फसवा वाटतो. ते नऊ कोणते हे आधी कळले असते तर गोष्ट वेगळी होती. दहावा निघतो तेव्हा त्याचे परिणाम सहसा परत फिरवता येत नाहीत. त्याच अहवालाप्रमाणे जगात नोंदल्या गेलेल्या ६० टक्के प्रजातिनाशांत आक्रमक परक्या प्रजातींचा कमी-अधिक वाटा आहे, आणि २०१९ मधले त्यांचे आर्थिक नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या वर होते. पैसा एक वेळ उभा राहील. नाहीशी झालेली प्रजाती कुठून उभी करणार?

आता त्या निर्णयांकडे येतो, कारण खरा इतिहास तिथे दडला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये उसाला हुमणीने ग्रासले होते. जमिनीतल्या अळ्या मुळ्या खायच्या आणि ऊस उभ्या उभ्या वाळायचा. १९३५ मध्ये हवाईहून शंभरेक मोठे अमेरिकी भेक आणले गेले आणि काही आठवड्यांत त्यांची पिल्ले शेतांत सोडली गेली. अळ्या मातीखाली आणि भुंगेरे उंच पाल्यावर. जमिनीवर बसून राहणाऱ्या भेकाच्या तोंडी दोन्ही लागेनात. उसाच्या हुमणीला धक्का लागला नाही. भेक मात्र पसरत गेले आणि त्यांच्या विषाने त्यांना खाऊ पाहणारे क्वोल (मांजराएवढे पिशवीधारी भक्षक), घोरपडीच्या जातीचे मोठे सरडे, गोड्या पाण्यातल्या मगरी मरू लागल्या. २००९ च्या सुमारास ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरले. या गोष्टीचा भेकाच्या उपद्रवापेक्षा महत्त्वाचा भाग सहसा सांगितला जात नाही. वॉल्टर फ्रॉगॅट या निवृत्त कीटकशास्त्रज्ञाने त्याच वेळी जाहीर इशारा दिला होता की हा प्राणी सशाएवढाच उपद्रवी ठरू शकतो. त्याच्या विरोधामुळे पुढे भेक सोडण्यावर थोडा काळ बंदीही आली. ऊसवाल्यांचा दबाव वाढला आणि १९३६ मध्ये बंदी उठली. ‘तेव्हा कोणाला माहीत होते?’ असे आज म्हणतात. माहीत होते. ज्याला माहीत होते त्याचा आवाज ज्याला फायदा होता त्याच्यापुढे चालला नाही.

आणि सशांचा धडा तर त्याच देशाने आधीच गिरवला होता. १८५९ मध्ये व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे आणून वाढवले आणि पन्नास वर्षांच्या आत पश्चिमेत हजारो किलोमीटरचे कुंपण घालण्याची वेळ आली. शेजारच्या न्यूझीलंडने सशांवर उतारा म्हणून १८८० च्या दशकात स्टोट हा मुंगसासारखा चपळ भक्षक आणला. उडता न येणारे पक्षी ज्या भूमीचे वैभव, तिथे असला शिकारी सोडू नका असे पक्षितज्ज्ञ बजावत होते. मेंढपाळांना कुरणे वाचवायची होती. पक्ष्यांच्या वतीने मत देणारे कोणी नव्हते. अमेरिकेत कुडझू या जपानी वेलीचे तसेच झाले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती शोभेची म्हणून आली आणि १९३० च्या दशकापासून मातीची धूप थांबवण्यासाठी सरकारनेच शेतकऱ्यांना एकरी आठ डॉलरपर्यंत देऊन ती लावून घेतली. १९५३ मध्ये त्याच सरकारने तिला शिफारशीच्या यादीतून काढले. तोवर दक्षिणेत झाडे, कुंपणे, ओसाड घरे तिच्याखाली गडप होऊ लागली होती. ज्यांनी फायली हलवल्या त्यांच्यापैकी कोणाला काही भरावे लागले का?

हा प्रश्न केनियातल्या बरिंगो सरोवराकाठच्या इल्चामुस या पशुपालक समाजाने थेट न्यायालयात नेला. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मदतीच्या योजनेतून तिथे वेडी बाभूळ लावली गेली होती. उद्देश चांगला, वाळवंटीकरण थांबावे, जळण मिळावे. झाड इतके माजले की कुरणे, वाटा, पाणवठे काटेरी जाळीने बंद झाले. गोड शेंगा खाऊन बकऱ्यांचे दात किडले, पडले. त्या लोकांनी दात पडलेली बकरी नैरोबीच्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी केली. मला या सगळ्या विषयात याहून नेमके चित्र माहीत नाही. त्या बकरीच्या मालकाने वेड्या बाभळीला परकी म्हणून शिव्या घातल्या नाहीत आणि तिच्यावर दयाही मागितली नाही. हे झाड आमच्या दारात कोणी लावले, एवढेच त्याने विचारले.

इथे समोरच्याचा दुसरा सबळ मुद्दा येतो, आणि तो मला अनेक वर्षे अडवत होता. आणणाऱ्यावर एवढे ओझे टाकले तर चांगलेही काही येणार नाही! १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागा खवले किडीने संपत आल्या होत्या. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने त्या वाचवल्या. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर दक्षिण अमेरिकी पिठ्या ढेकूण पसरला आणि कोट्यवधी लोकांच्या रोजच्या अन्नावर गदा आली. पॅराग्वेत सापडलेला एक अगदी बारीक परोपजीवी कीटक १९८१ पासून नायजेरियात आणि मग इतर देशांत सोडला गेला आणि ती साथ आटोक्यात आली. ही मोहीम चालवणाऱ्या हान्स हेरेन या कीटकशास्त्रज्ञांना त्यासाठी १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. परका म्हणून हा कीटक दारातच अडवला असता तर? उपासमार वाढली असती.

पण ही उदाहरणे माझ्याच बाजूची साक्ष देतात. तो कीटक आणण्यापूर्वी त्याच्या मूळ घरी शोधला, विलग ठेवून तपासला, तो त्या पिठ्या ढेकणावाचून दुसऱ्या कशावर जगतो का हे पाहिले. क्वीन्सलँडच्या भेकाबाबतीत आणणाऱ्यांनी अशी तपासणी केली नाही, आणि भेक तर तोंडात मावेल ते खातो. दोन्ही जीव परके होते. एकाला आणणाऱ्याने आधी उत्तर दिले, दुसऱ्याने दिले नाही. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर १९७४ मध्ये मोठ्या आफ्रिकी गोगलगायीवर उतारा म्हणून गोगलगायी खाणारी एक गुलाबी गोगलगाय सोडली. तिने मोठीला सोडून तिथल्या पार्टुला या नखाएवढ्या देशी गोगलगायींचा फडशा पाडला. ताहिती ज्यात येते त्या बेटसमूहातल्या पन्नासहून अधिक जाती गेल्या. ‘ही दुसरे काय खाईल?’ हा प्रश्न विचारायला किती खर्च आला असता?

तपासणी केली की सगळे निभावते, असाही माझा दावा नाही. ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी १९२६ नंतर सातेक वर्षांत ती जवळजवळ मोकळी केली. जैविक नियंत्रणाच्या इतिहासातले हे मानाचे पान. तिथे देशी निवडुंग नव्हते, त्यामुळे धोका नव्हता. पण यशाची कीर्ती ऐकून तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियनमध्ये सोडला गेला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला, जिथले निवडुंग देशी आहेत. पलीकडे मेक्सिको, निवडुंगाचे माहेर. एका बेटावरचा निर्णय शेजारच्या देशाने भोगायचा हा न्याय कुठला? म्हणून शेजाऱ्याला विचारल्याशिवाय असे निर्णय घेण्याचा अधिकार कोणत्याच देशाला असू नये, असे मला वाटते.

काही जीव कोणी ‘आणत’ नाही, ते आपसूक येतात, असेही म्हटले जाते. जहाजे स्थिर राहावीत म्हणून टाक्यांत भरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपले १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत सापडले. त्यांना कोणी मागवले नव्हते. खरे आहे. पण ते पाणी कोणाच्या तरी जहाजात होते आणि त्या फेरीचा नफा कोणाच्या तरी खात्यात जमा झाला. जहाजातल्या या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि लागू व्हायला २०१७ उजाडले. अपघात म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला वाट असते, आणि वाटेला मालक असतो.

आता सर्वांत अवघड जागा, मारण्याची. इथे प्राणिप्रेमींना भाबडे म्हणून झटकणे मला मान्य नाही. खार असो की पाणघोडा, वेदना त्याची खरी असते, आणि माणसाच्या चुकीसाठी त्याला मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. हे मी कबूल करतो आणि तरीही मारण्याच्या बाजूने उभा राहतो, कारण न मारण्याचाही हिशेब असतो आणि तोही जिवांचाच असतो. इटलीत १९४८ मध्ये तुरिनजवळ अमेरिकेतल्या करड्या खारींच्या दोन जोड्या सोडल्या होत्या. करडी खार जिथे पसरते तिथून युरोपातली लाल खार हटत जाते. १९९७ मध्ये, त्या अजून थोड्या प्रदेशात असताना, त्यांचे निर्मूलन सुरू झाले. प्राणिहक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि काम थांबले. काही वर्षांनी संबंधित अधिकारी निर्दोष सुटले, पण तेवढ्यात खारी निर्मूलनाच्या आवाक्याबाहेर पसरल्या होत्या. त्या खटल्याने किती जीव वाचवले? काही खारींना जीवदान मिळाले, आणि त्यांच्याहून कितीतरी पट अधिक जीव, लाल आणि करडेही, पुढच्या काळात पणाला लागले. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये विषारी सापांवर उतारा म्हणून तीसेक मुंगूस सोडले. साप रात्री फिरणारे, मुंगूस दिवसा. मुंगसांनी तिथला दुर्मीळ काळा ससा गाठला. निर्मूलन पूर्ण झाल्याची घोषणा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तीस मुंगूस पहिल्या वर्षी पकडले असते तर नंतर मारावे लागलेले हजारो जन्मालाच आले नसते. दिरंगाईला दया म्हणायचे मी आता सोडून दिले आहे.

निर्मूलन करणाऱ्यांनाही हाच नियम लागू. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटावर २००० पर्यंत सर्व रानमांजरे काढली गेली. मग ससे भडकले आणि डोंगरउतारांवरची हिरवळ कुरतडून उतार उघडे पडले. शेवटी ससे, उंदीर, घुशी एकत्र काढाव्या लागल्या आणि २०१४ मध्ये बेट मोकळे जाहीर झाले. काढतानाही ‘मग काय होईल?’ हे आधी विचारायचे असते. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात तर काढण्याचा प्रश्नच उरलेला नाही: १९५० च्या दशकात सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या शिकारी माशाने सुमारे २०० देशी माशांच्या जाती संपवल्या किंवा संपवत आणल्या, आणि आज हजारो कुटुंबांचे पोट त्याच माशाच्या निर्यातीवर आहे. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण या रोजगाराचा दाखला देऊन ‘बघा, शेवटी चांगलेच झाले’ असे जे म्हणतात, त्यांनी आधीच्या मासेमारांचे, काठावर छोटे मासे वाळवणाऱ्या बायांचे काय झाले तेही सांगावे.

करता येण्याजोगे काय, हे गूढ नाही. न्यूझीलंडने १९९६ मध्ये कायदा केला: कोणताही नवा जीव आणायचा तर आधी परवानगी, आणि अपाय नाही हे पटवून द्यायचे अर्जदाराने. जे यादीत नाही ते बंद. ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून नव्या वनस्पतींना तपासणीची चाळणी लावली. बहुतेक देशांत उलटे चालते: जे बंदीच्या यादीत नाही ते खुले, आणि यादीत नाव यायला आधी नुकसान व्हावे लागते. मला याच्याही पुढे जावेसे वाटते. आणणाऱ्याने अनामत रक्कम ठेवावी, जी जीव निसटला तर निर्मूलनाला लागेल. शोभेच्या माशांचा, झाडांचा, पाळीव प्राण्यांचा व्यापार करणारे यावर ओरडतील. ओरडू देत. सध्या ती अनामत कोण भरते? इल्चामुसांच्या बकऱ्या भरतात.

कोलंबियाविषयी माझे मत विचाराल तर सांगतो. जेवढे पाणघोडे चांगल्या ठिकाणी हलवता येतील तेवढे हलवावेत, निर्बीजीकरण करता येईल तिथे करावे, आणि उरलेल्यांना नेमबाजाच्या हातून, शक्य तितक्या कमी यातनेत, लवकर मारावे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण त्या नदीत मॅनाटी हे शाकाहारी जलचर सस्तन प्राणी आहेत, मासे आहेत, होडीतून जाळे टाकणारी माणसे आहेत. त्यांच्या बाजूने कोणी मोहीम काढत नाही. आणि पाणघोड्यांचा कैवार घेणाऱ्यांना मी एक तारीख आठवून द्यायला सांगेन: १९९३. तेव्हा ते मोजून थोडेच होते, एका कुंपणात होते, आणि कोणीतरी कागदावर ठरवले की यांना हलवणे परवडत नाही.